वेताळ : शब्द, कथा आणि खलत्व

पदव्युत्तर वर्गात अर्थपरिवर्तनाचे प्रकरण शिकविताना मी एकदा ‘वेताळ’ हा शब्द फळ्यावर लिहिला आणि त्याचा अर्थ विचारला. तीन उत्तरे आली. खेड्यातून आलेल्या बहुतेकांच्या मते वेताळ म्हणजे भुतांचा राजा. अवसेच्या रात्री त्याची स्वारी पलिते घेऊन निघते आणि तिच्या वाटेत उभे राहू नये. दुसऱ्या काहींना विक्रमाच्या खांद्यावरील प्रेत आठवले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या, पन्नाशीकडे झुकलेल्या एका विद्यार्थ्याने मात्र सांगितले की, वेताळ हा मुखवटा घातलेला, कवटीची अंगठी वापरणारा आणि दुष्टांना शासन करणारा जंगलातील वीर होय. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर होती. एकाच शब्दाने एका पिढीला भय घातले, दुसरीला गोष्टी सांगितल्या आणि तिसरीला नायक दिला, हे कसे घडले याचा विचार त्या दिवसापासून मनात घोळत आहे.

प्रथम शब्दाचे रूप पाहू. संस्कृत ‘वेताल’ याची व्युत्पत्ती निश्चित झालेली नाही. प्राकृतात स्वरमध्यस्थ तकार लोपून ‘वेआल’ असे रूप होते. तीच परंपरा अखंड चालती, तर मराठीत तकार उरला नसता. ‘शीतल’ या शब्दाशी तुलना केली म्हणजे हे स्पष्ट होईल. ‘शीतल’ पासून प्राकृतद्वारा ‘शिळा’ आला. त्यात तकार गेला आणि लकाराचा ळकार झाला. त्याच ‘शीतल’ पासून पुढे ‘शीतळ’ हे अर्धतत्सम रूप आले; त्यात तकार टिकला, ळकार तेवढा मराठीने आपला लावला. ‘वेताळ’ हा ‘शीतळ’ च्या जातीचा शब्द आहे. म्हणजे तो केवळ लोकांच्या तोंडून वाहत आलेला नसून, पोथी आणि कथाकथन यांच्या द्वारा वेळोवेळी नव्याने उजळला गेलेला आहे. लोकसमजुतीतील आणि ग्रंथातील वेताळ प्रारंभापासून एकमेकांत मिसळलेले आहेत, याचा हा भाषिक पुरावा मानावयास हरकत नाही.

ग्रंथातील वेताळाचे घर आपल्या मराठवाड्यातच आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मीरमध्ये सोमदेवाने राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी ‘कथासरित्सागर’ रचला. त्यातील वेतालकथांचा नायक उज्जयिनीचा विक्रमादित्य नसून गोदावरीतीरावरील प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे पैठणचा, राजा त्रिविक्रमसेन आहे. उज्जयिनी आणि विक्रमादित्य ही नावे अन्य परंपरांतून रूढ झाली. १८३० साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळ पंचविशी’ मराठीत आली तोवर पैठण कथेतून नाहीसेच झाले होते. ‘कथासरित्सागर’ ज्या ‘बृहत्कथे’चा वारसा सांगतो, तिचा कर्ता गुणाढ्य हाही परंपरेनुसार प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या आश्रयाला होता. त्याने आपला ग्रंथ पैशाची भाषेत, म्हणजे नावाप्रमाणे पिशाचांच्या भाषेत, रचला आणि राजाने त्याच कारणाने तो अव्हेरला, अशी आख्यायिका आहे. वेतालकथा मूळ ‘बृहत्कथे’त होत्या की काश्मिरी परंपरेत मागाहून शिरल्या, याविषयी विद्वानांत मतभेद आहे व तो येथे सोडवावयाचे कारण नाही. भाषेच्या अभ्यासकाला कुतूहल वाटावे ते एवढ्याचेच की, भुताच्या तोंडच्या गोष्टी आणि भुतांची म्हणविली जाणारी भाषा ही दोन्ही एकाच नगरीशी जोडली गेली आहेत.

आता कथेतील खलपुरुष कोण ते पाहावे. क्षान्तिशील नावाचा भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. ते फळ पुढे माकडाच्या हाती फुटते आणि आत रत्न सापडते. त्याच्या मोबदल्यात भिक्षूचे मागणे एवढेच असते की, कृष्ण चतुर्दशीच्या रात्री राजाने स्मशानात येऊन एका विधीला साहाय्य करावे. राजा जातो. शिसवीच्या झाडाला लटकलेले प्रेत आणण्याची त्याला आज्ञा होते आणि त्या प्रेतात वेताळ वसलेला असतो. वाटेत तो गोष्ट सांगतो व प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाच्या ठिकऱ्या व्हावयाच्या. आणि बोलला, तर वेताळ प्रेतासह झाडावर परत जावयाचा. अखेरच्या प्रश्नाला राजा निरुत्तर होतो, तेव्हा वेताळ प्रसन्न होऊन सांगतो की, भिक्षू तुझाच बळी देणार आहे. त्याने साष्टांग नमस्कार घालावयास सांगितले म्हणजे ‘आधी तू घालून दाखव’ असे म्हण आणि तो वाकताच त्याचा शिरच्छेद कर. राजा तसे करतो. खल होता तो भगव्या वस्त्रातला, नम्र, रोज फळ आणून देणारा मनुष्य. प्रेतात बसलेला वेताळ हा राजाचा परीक्षक होता आणि शेवटी त्राता ठरला.

पहिल्याच कथेकडे मला विशेष लक्ष वेधावयाचे आहे, कारण पुढील सर्व विवेचनाचे बीज तीत आहे. राजपुत्र वज्रमुकुट आणि पद्मावती यांचे प्रेम जमते. राजपुत्राचा मित्र असलेला मंत्रिपुत्र तिला पळवून नेण्याची युक्ती योजतो. तिचे अलंकार चोरविले जातात, तिच्या अंगावर त्रिशूळाची खूण उठविली जाते, आणि तापसाचे सोंग घेतलेला मंत्रिपुत्र राजा कर्णोत्पलाला पटवितो की, ही मुलगी डाकिनी असून स्मशानात आली असता आपणच तिला त्रिशूळ मारला. राजा तिला नगराबाहेर काढतो. राजपुत्र तिला घेऊन जातो. इकडे तिला श्वापदांनी खाल्ले असे समजून आईबाप शोकाने मरतात. या दोन मृत्यूंचे पाप कोणाचे, असे वेताळ विचारतो. मंत्रिपुत्राने स्वामिकार्य केले आणि प्रेमिकांना प्रेमाने आंधळे केले होते, म्हणून ते निर्दोष. दोषी कर्णोत्पल, कारण त्याने चौकशी न करता शिक्षा केली, असे उत्तर राजा देतो. मंत्रिपुत्राला राजाने इतक्या सहज सोडून द्यावे हे आजच्या वाचकाला रुचणार नाही. मलाही रुचत नाही. परंतु प्रश्नाचा रोख ध्यानात घ्यावा. भुताने विचारलेला पहिला प्रश्न भुताचा आळ घेतलेल्या बाईविषयीचा आहे, आणि त्याचे उत्तर न्यायासनाला दोषी ठरविते.

‘डाकिनी’ चे मराठी रूप ‘डाकीण’. या दोन शब्दांची वागणूक ताडून पाहण्यासारखी आहे. कोणा पुरुषाला आपण ‘आग्या वेताळ’ म्हणतो तेव्हा तो शीघ्रकोपी आहे एवढाच अर्थ असतो. त्यात थट्टा असते, कित्येकदा कौतुकही असते. ‘डाकीण’ हा शब्द मात्र हाडामांसाच्या बाईला चिकटविला जातो आणि तिला गाव सोडावे लागते, कधी जीव गमवावा लागतो. महाराष्ट्र शासनाला २०१३ साली जादूटोणाविरोधी अधिनियम करावा लागला. एखादी व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते अशा आळातून तिचा छळ करणे हा त्या अधिनियमाखाली गुन्हा आहे. पद्मावतीची गोष्ट सांगणारा वेताळ अशा प्रसंगी कोणाच्या बाजूस उभा राहिला असता, हे सांगावयास नको.

मग वेताळ खलपुरुष झाला कधी? माझ्या मते तो मुख्यत्वे भाषांतरात झाला. १८०५ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातून ‘बैताल पचीसी’ हिंदीत आली आणि पुढे ती साहेबी अभ्यासक्रमाचे पाठ्यपुस्तक बनली. मुंबई लष्करात असताना देशी भाषांच्या परीक्षा दिलेल्या रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये त्यांतील निवडक कथांचे स्वैर इंग्रजी रूपांतर ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ या नावाने प्रसिद्ध केले. ‘व्हॅम्पायर’ हा शब्द निवडताच सारे बिघडले. इंग्रजीत त्या शब्दामागे पूर्व युरोपातील रक्तपिपासू प्रेतांच्या कहाण्या आणि १८१९ ची पॉलिडोरीची कादंबरिका उभी होती. १८९७ मध्ये तर ‘ड्रॅक्युला’च आला. आमच्या कथेतील वेताळ कोणाचे रक्त पीत नाही. झाडाला उलटे लटकणे आणि प्रेतात वसणे हे दोन धागे सोडले, तर त्याचे आणि ड्रॅक्युलाचे काही नाते नाही. झाडावरून लोंबकळतो म्हणून बर्टनने त्याला वटवाघळाचे रूप दिले. भाषांतरकाराला जवळचा शब्द घ्यावाच लागतो, हे मान्य. परंतु जवळचा शब्द आपल्याबरोबर आपले गणगोतही घेऊन येतो.

प्रेतात वसणारा खल इंग्रजी चित्रकथांत पुढे खरोखरच अवतरला आणि चार दशकांहून अधिक काळ टिकला. वेताळाशी त्याचा वंशसंबंध मला सुचवावयाचा नाही. साम्य आणि भेद पाहण्यासाठीच त्याला येथे आणीत आहे. ‘टू थाउजंड ए. डी.’ हे चित्रकथा-साप्ताहिक लंडनमध्ये फेब्रुवारी १९७७ मध्ये निघाले. दुसऱ्या अंकापासून त्यात जज ड्रेड हा नायक आला. भविष्यकाळातील एका अवाढव्य नगरीत पोलीस, न्यायाधीश आणि शिक्षेची अंमलबजावणी करणारा या तिन्ही भूमिका तो एकटाच पार पाडतो. जानेवारी १९८० मध्ये लेखक जॉन वॅग्नर आणि चित्रकार ब्रायन बोलंड यांनी त्याच्यासमोर जज डेथ नावाचा प्रतिपक्षी उभा केला. हा दुसऱ्या कोण्या विश्वातून येतो. तेथील न्यायाधीशांनी असा सिद्धान्त काढलेला असतो की, सर्व गुन्हे जिवंत माणसेच करतात, यास्तव जगणे हाच गुन्हा. आणि त्यांनी आपले सारे जग निर्जीव करून टाकलेले असते. जज डेथचा पोशाख ड्रेडच्याच गणवेशाचे विद्रूप आहे. डोळ्यांच्या जागी जाळीचे शिरस्त्राण, खांद्यावर गरुडाऐवजी नामशेष झालेला उडता सरडा, उघडे पडलेले दात. गोळ्यांनी त्याचा देह पडतो, परंतु तो मुळात प्रेतच असल्याने आतला आत्मा निसटतो आणि दुसरे शरीर शोधतो. पहिल्या कथेत अँडरसन ही परचित्त जाणणारी स्त्री-न्यायाधीश त्याला स्वतःच्या शरीरात कोंडून ठेवते आणि तिच्यासह त्याला पारदर्शक आवरणात बंद करावे लागते. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, तो सुटतो आणि आपले तीन सोबती घेऊन येतो. १९९० मधील ‘नेक्रोपोलिस’ या दीर्घ कथेत सारी नगरीच स्मशान होते. १९९१ मध्ये त्याची गाठ अमेरिकेच्या बॅटमॅनशीही घालून देण्यात आली.

असा खल टिकतो याचे एक कारण सरळ यांत्रिक आहे. ज्याचे शरीर उसने आहे त्याला मारता येत नाही. कथा संपली तरी पात्र संपत नाही. साप्ताहिकाच्या संपादकाला याहून सोयीचे काय असणार! वेताळही याच युक्तीने टिकला. राजा बोलला की तो झाडावर जातो, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. परंतु यंत्राने केवळ हालचाल मिळते, अर्थ मिळत नाही. जज डेथ अर्थपूर्ण होतो तो ड्रेडमुळे. न विचारता, जागच्या जागी शिक्षा सुनावणाऱ्या नायकाची तर्कसरणी टोकाला नेली म्हणजे काय उरते, त्याचे तो चित्र आहे. म्हणून त्याच्या आरंभीच्या कथा भयानकही आहेत आणि उपरोधिकही. १९९० च्या सुमारास त्याचे बालपण सांगणारी कथा काढण्यात आली, त्याला घर, आईबाप आणि घरगुती नाव मिळाले. तेथून तो बराचसा विदूषक झाला, असे माझे मत आहे. ज्या खलाचे बळ त्याच्या सिद्धान्तात आहे, त्याला चरित्र देऊन काही साधत नाही.

आता भेद पाहावा. दोघेही प्रेतवासी, दोघांचाही संबंध न्यायाशी. जज डेथ निवाडा देतो. त्याला विचारावयाचे काहीच नसते, कारण उत्तर आधीच ठरलेले आहे. वेताळ निवाडा मागतो. स्वतःला उत्तर ठाऊक असूनही तो ते राजाच्या तोंडून वदवून घेतो, आणि राजा योग्य बोलला की त्याचीच खेप वाया जाते. म्हणजे न्याय करणाऱ्याला न्यायाची किंमत मोजावयास लावणारी ही रचना आहे. इंग्रजी चित्रकथेतील प्रेत न्यायासनाची विकृती दाखविते. गोदातीरावरील प्रेत न्यायासनाची परीक्षा घेते. कर्णोत्पलाला दोषी ठरविणारा वेताळ जज डेथपेक्षा जज ड्रेडला अधिक अवघड गेला असता, असा एक खेळकर विचार मनात येतो.

विसाव्या शतकातील मराठी वाचकाला वेताळ चित्रांतूनच अधिक भेटला. मद्रासहून १९४७ पासून निघणाऱ्या ‘चांदामामा’ची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ १९५२ मध्ये सुरू झाली. शंकर या नावाने चित्रे काढणारे के. सी. शिवशंकरन (१९२४–२०२०) यांनी काढलेला, एका हाती तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम मराठी घरांतील तीन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ‘चांदोबा’ने एक विलक्षण गोष्ट केली. मूळ पंचवीस कथांवर न थांबता नव्या-जुन्या लोककथा त्याच चौकटीत बसवून दर महिन्याला एक गोष्ट दिली. अखेरचा, राजाला निरुत्तर करणारा प्रश्न अर्थातच कधी आला नाही. तो आला असता तर सदर बंद झाले असते! त्यामुळे क्षान्तिशील बाजूस पडला. ‘चांदोबा’च्या वाचकाला भिक्षूचे कपट क्वचितच आठवते, वेताळ मात्र पाठ असतो. १९८५ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या रामानंद सागर यांच्या ‘विक्रम और बेताल’ मालिकेनेही वेताळाची तीच ओळख घराघरांत नेली.

याच काळात दुसरी घटना घडली. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढले. १९९० पर्यंत ते चालले. ली फॉक याने १९३६ मध्ये निर्मिलेला ‘फँटम’ हा त्याचा मुख्य नायक होता. त्याचे मराठी नाव ठेवले गेले ‘वेताळ’. हा फँटम भूत नव्हेच. पित्यामागून पुत्र तोच मुखवटा घालतो, म्हणून तो अमर आहे असे लोकांना वाटते. एकाच वेषात अनेक देह, असा हा प्रकार होय. आमच्या वेताळाच्या ‘एकच आत्मा, कोणतेही प्रेत’ या कल्पनेची जणू उलटी बाजू. नाव देणाऱ्याने इतका विचार केला असेल असे नाही. तरीही बर्टनने जेथे वेताळाला परक्या खलाचे नाव दिले, तेथे या अनामिक भाषांतरकाराने परक्या नायकाला वेताळाचे नाव दिले, आणि मराठी वाचकाला त्यात विसंगती वाटली नाही. ‘पिशाच’, ‘समंध’, ‘मुंजा’, ‘गिऱ्हा’ यांपैकी कोणतेही नाव नायकाला ठेवून पाहावे. ते चालणार नाही. ‘वेताळ’ चालले, याचा अर्थ या शब्दात भयाखेरीज आणखी काही पूर्वीपासून होते.

ते काय होते, हे ग्रंथांत शोधण्यापेक्षा शिवेवर जाऊन पाहावे. दख्खनच्या खेड्यांत वेताळाचे स्थान म्हणजे बहुधा शेंदूर फासलेला ओबडधोबड दगड आणि भोवती लहान दगडांचे वर्तुळ. तो राजा आणि ते त्याचे सैन्य. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन स्टीव्हन्सन या मिशनरी पंडिताने ही वर्तुळे पाहून त्यांची युरोपातील प्राचीन शिलावर्तुळांशी तुलना केली होती. पुण्यात तर एक अख्खी टेकडी त्याच्या नावाने ओळखली जाते. कोकण-गोमंतकात तो ग्रामदेव झाला. पैंगीण, लोलये, आमोणे येथे त्याला बेताळ म्हणतात. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भक्त प्रचंड आकाराच्या चामडी चपला अर्पण करतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे.

‘वेतोबा’ हे रूप व्याकरणदृष्ट्या मोलाचे आहे. विठ्ठलाचा विठोबा, भैरवाचा भैरोबा, ज्ञानदेवांचा ज्ञानोबा, तुकारामांचा तुकोबा, त्याच साच्याने वेताळाचा वेतोबा. मूळ नावाचा पहिला अंश घ्यावयाचा, ओकार लावावयाचा आणि पुढे वडीलकीचा ‘बा’ ठेवावयाचा. देव, संत आणि भुतांचा राजा यांना मराठीने एकाच प्रत्ययाखाली आणले आहे. आमच्या लोहा तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा मार्गशीर्षाच्या वद्य पक्षाअखेर भरते. तेथे घुमणारा ‘मल्हारी’चा गजर ऐकताना भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने कान द्यावा. ‘मल्लारि’, म्हणजे मल्लाचा शत्रू. मारल्या गेलेल्या दैत्याने मरताना मागून घेतले ते हेच की, देवाच्या नावाआधी आपले नाव यावे. त्याचा भाऊ मणी याने तर देवाजवळ जागाच मागितली आणि ती त्याला मिळाली, असे मल्हारी माहात्म्याची परंपरा सांगते.

वर्गात त्या दिवशी आम्ही ‘वेताळ’ या शब्दाची कोशनोंद तयार करावयास घेतली. अर्थांचा क्रम असा लागला : १. गावाच्या शिवेचा रक्षक देव, २. भुतांचा राजा, ३. प्रेतात वसून गोष्टी सांगणारा व प्रश्न विचारणारा, ४. (लक्षणेने, बहुधा ‘आग्या’ या विशेषणासह) शीघ्रकोपी पुरुष, ५. मनुष्याचे रक्त शोषणारा दुष्ट आत्मा. नोंद फळ्यावर पुरी होताच मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने पाचव्या अर्थाला मराठीत आधार कोणता, असे विचारले. बर्टनच्या पुस्तकापलीकडे माझ्याजवळ आधार नव्हता. मी पाचवा अर्थ पुसला.